पोटातल्या पायलोरीवर नॅनोकण: अँटिबायोटिकला पर्याय मानायचा का?

रानजाई:
आईच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडून दीड वर्ष झालं. १४ दिवसांचा कोर्स दोनदा झाला. आधी अ‍ॅसिडची गोळी, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, दुसऱ्यांदा क्लॅरिथ्रोच्या जागी मेट्रोनिडॅझोल. तोंडाला धातूची चव, जुलाब, अन्नावरची वासना उडालेली. एवढं सोसून श्वासाची चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह. तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय.

हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम वापरून स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्यामुळे अ‍ॅसिडमध्ये तगतो. मग जठराच्या आतल्या बुळबुळीत थरात दडून बसतो आणि औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. क्लॅरिथ्रोला न जुमानणाऱ्या पायलोरीचं नाव जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालीच नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंच्या यादीत घातलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुन्याच गोळ्यांच्या नव्या जोड्या लावत बसण्यापेक्षा संशोधनाचा पैसा नॅनोकणांवर, म्हणजे औषधासाठी बनवलेल्या अतिसूक्ष्म कणांवर, लावा. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या कायटोसानचे कण धनभारित असतात, तो बुळबुळीत थर ऋणभारित, म्हणून कण तिथे चिकटून राहतात. चांदीचे कण तर जंतूवर एकाच वेळी अनेक बाजूंनी मारा करतात. त्यातून तो सुटणार कसा?

पाटोदकर:
आईंचा त्रास वाचून वाईट वाटलं. पण शेवटचं वाक्य मान्य नाही. १९७५ साली अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात चांदीच्या क्षाराला दाद न देणारा साल्मोनेला जंतू सापडला होता. २०१८ मध्ये ई. कोलायबद्दल तर थेट नॅनोकणांचाच पुरावा आला: जंतू आपल्या शेपटीचं प्रथिन बाहेर सोडतो, चांदीचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि मारा बोथट होतो. जंतूला पुरेसा वेळ आणि अर्धवट डोस मिळाला की तो वाट काढतोच.

आणखी एक. चांदी पायलोरी आणि आतड्यातले चांगले जंतू असा भेद करत नाही. अँटिबायोटिकवर आपला जो आक्षेप, तोच इथेही लागू.

लॅबवाली:
दोघंही चांदीवरच अडकला आहात. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ साली वनस्पती तेलांत असतं ते लिनोलेनिक आम्ल लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म फुग्यांत, भरून उंदरांना दिलं. हे फुगे जंतूच्या आवरणात मिसळतात आणि आवरणच फाटतं. उंदरांच्या जठरातले जंतू घटले, सूजही उतरली. यात ना धातू ना अँटिबायोटिक. मला खरी आशा या वाटेवर दिसते.

अडचणही सांगते. उंदराच्या जठरात आपल्याइतकं तीव्र अ‍ॅसिड नसतं. तिथे टिकलेला कण माणसाच्या पोटात टिकेलच असं नाही.

सांजवात:
हे वाचून कुणी ‘चांदीचं पाणी’ मागवू नका, कळकळीची विनंती. चांदी अंगात साठत गेली की कातडी निळसर करडी होते आणि तो रंग परत जात नाही.

पाटोदकर:
+१. रानजाई, धातूचं औषध तर आपल्याकडे आधीपासून आहे: बिस्मथ. अ‍ॅसिडची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल असा चौघांचा कोर्स असतो. मेट्रोनिडॅझोलला न जुमानणारे जंतू आपल्याकडे फार आहेत, पण बिस्मथ सोबत असलं की ती अडचण बरीच कमी होते. बिस्मथला प्रतिकार जवळजवळ दिसतच नाही. आईंना ते दिलं होतं का? आणि पूर्वी घसा-खोकल्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन वरचेवर झालंय का? ते क्लॅरिथ्रोच्याच कुळातलं. एकाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही दाद देत नाही.

रानजाई:
बिस्मथ दोन्ही वेळा नव्हतं, आत्ता फाइल काढून पाहिलं. अ‍ॅझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी मात्र दर पावसाळ्यात घरी यायची. मीच आणायची, चिठ्ठीशिवाय. हे एकाच कुळातलं आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. बिस्मथचं विचारीन, आणि दुर्बिणीतून तुकडा घेऊन कोणतं औषध लागू पडेल ते तपासता येईल का, हेही. चांदीबद्दलचं म्हणणं मागे घेते. पण लॅबवालीने सांगितलेल्या मेदाच्या कणांसाठी पैसा मागणं सोडणार नाही. चौघांचा कोर्सही हरला, तर आईसारख्यांनी पुढे काय घ्यायचं, पाटोदकर?