मदत हवी आहे: पावसाळ्यात ताणा (मागावरचे उभे धागे) तुटतोय, खळीमुळे की माझ्यामुळे?

वेंगुर्ल्याहून लिहितेय. घरी टेबलावर मावेल असा छोटा लाकडी माग आहे. उन्हाळ्यात त्यावर दोन पंचे विणले, एक धागा तुटला नाही. म्हणून जुलैत हिंमत करून लाल-पांढरी चौकडी लावली. माझी आजी पेडण्याची, ती खांद्यावर गाठ मारून कुणबी साडी नेसायची, त्या चौकड्या डोळ्यांसमोर आहेत. साडी विणायची माझी ऐपत नाही, 18 इंच रुंदीचा तुकडा झाला तरी पुष्कळ.

सूत 2/20, म्हणजे 20 नंबरचं दोनपदरी. इंचाला 32 धागे, म्हणजे ताण्यात 576. फणीच्या (धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्याच्या) एका घरात दोन. पंच्यांनाही हेच सूत, हाच हिशोब होता. फरक एवढाच की या वेळी उकड्या तांदळाची पेज गाळून ताण्याला खळ दिली.

वीतभर विणलं आणि 14 धागे तुटले. शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात, धागे वर-खाली करायची दांडी दाबली की ताणा नीट उघडत नाही, मध्ये लव साठते. वर पेजेचा आंबूस वास. शेजारच्या काकी म्हणतात, "पावसात कोण माग लावता गो?" पण गिरण्यांत तर हवा मुद्दाम दमट ठेवतात ना? सूत ओलसर असलं की बळकट होतं असंच वाचलंय. मग माझंच का तुटतं? ताणा कापून टाकायचा जीव होत नाही.

प्रतिसाद १
ताई, सूत दमट हवेला घाबरत नाही, खळ घाबरते. खळ ओल धरते आणि चिकट होते. आणि मुळात दोनपदरी सुताला सहसा खळ लागतच नाही. ती एकपदरी सुतासाठी, त्याची लव बसवायला. आता कोरड्या मऊ ब्रशने धागे हळू मोकळे करा, पंखा लावा आणि रोज थोडंच विणा. तुटलेल्या जागी नवा धागा जोडून मागे लोंबता सोडा, त्याला छोटं वजन बांधा. एक सांगा, तुटलेले धागे मधले की कडेचे?

धागाकर्ती
आत्ता मोजून आले. 9 कडेचे, 5 मधले! कापडही 18चं 16 इंच झालंय.

प्रतिसाद १
मग निम्म्याहून जास्त गुन्हा बाण्याचा, म्हणजे आडव्या दोऱ्याचा. धोटा (बाणा वाहून नेणारा) पलीकडे गेला की तुम्ही दोरा ओढून घेताय. कड आत येते, फणी कडेच्या धाग्यांना घासते आणि ते तुटतात. बाणा तिरका, सैल टाका आणि मगच फणी ठोका. दोन्ही टोकांना बारीक खिळे असलेली बांबूची कांब कापडावर आडवी ताणून लावा, दर दोन-तीन इंचांनी पुढे सरकवा.

धागाकर्ती
कांब 16 इंचांची की 18?

प्रतिसाद १
फणीत ताणा जेवढा रुंद आहे तेवढी, म्हणजे 18. पण विणलेलं एकदम 18 वर खेचू नका, फाटेल. पुढच्या विणीपासून लावा.