मध्य प्रदेशातील शहरे : राज्याला एकच केंद्र का नाही?

रेवाकाठ (नाशिक)

माझी धाकटी मुलगी नोकरीनिमित्त इंदूरला स्थायिक झाली आहे आणि येत्या हिवाळ्यात आम्ही उभयता पंधरा दिवस तिकडे जाणार आहोत. त्यानिमित्ताने नकाशा उघडला, तेव्हा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर ही चार मोठी शहरे चार कोपऱ्यांत विखुरलेली दिसली. आपल्याकडे कोणतेही मोठे काम असले की मुंबई गाठावी लागते, तसे त्या राज्यात एकच ठिकाण असल्याचे जाणवत नाही. याचे कारण काय असावे? आणि या चारांखेरीज कोणती गावे पाहिल्याशिवाय परतू नये, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना भोपाळकर

आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे उत्तर राज्याच्या जन्मात आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे राज्य अस्तित्वात आले, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसह मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या महाकोशल या भागाला मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ ही राज्ये जोडली गेली. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, तर विंध्य प्रदेशाची रीवा येथे होती. म्हणजे राजधानीपणाची सवय असलेली इतकी शहरे एका छताखाली आली. राजधानी भोपाळला गेल्यावर उच्च न्यायालय जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला आणि महसूल मंडळ ग्वाल्हेरला देण्यात आले. ही वाटणी आजही टिकून आहे. 2011च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख, भोपाळची अठरा लाखांच्या आसपास, आणि जबलपूर व ग्वाल्हेर या दोहोंची प्रत्येकी साडेदहा लाखांच्या घरात होती. राजधानीपेक्षा व्यापारी शहर मोठे, हे तेव्हाही स्पष्ट होते.

भोपाळला आलात तर केवळ मोठा तलाव पाहून जाऊ नका. जुन्या शहरात ताज-उल-मसाजिद या मशिदीच्या परिसरात फिरा. जवळजवळ शंभर वर्षे बेगमांनी या संस्थानाचा कारभार पाहिला, याची जाणीव तिथे होते. डिसेंबर 1984च्या वायुकांडाची जखम या शहराने अजून अंगावर वागवली आहे, आणि बाहेरून येणाऱ्याने तिची आठवण ठेवावी असे मला मनापासून वाटते.

माळवी माणूस

मुलगी इंदूरला आहे, तर मुक्काम तिथेच ठेवावा आणि माळवा सावकाश पाहावा. होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे उज्जैन, पवारांचे धार आणि देवास ही सारी गावे एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहेत. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात केला. देवासची गोष्ट तर निराळीच आहे, कारण त्या एका गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन स्वतंत्र संस्थाने नांदली. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व 1948 साली कोरड्या हवेसाठी तिथे राहायला आले आणि अखेरपर्यंत देवासचेच झाले. टेकडीवर देवीच्या दर्शनाला चढलात की सारे गाव पायाशी पसरलेले दिसते.

महेश्वरला मात्र एक रात्र अवश्य राहावे. अहिल्याबाईंनी राज्यकारभार तिथून केला, आणि साडी विणणाऱ्या हातमागांची खटखट किल्ल्याच्या परिसरात आजही ऐकू येते. पहाटे घाटाच्या पायऱ्यांवर बसून नर्मदेवरचे धुके विरताना पाहिले की बाकीची यादी आपोआप लहान होते.

तापीतीर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. परंतु राज्य केवळ राजवाड्यांनी बनलेले नाही. इटारसी आणि कटनी ही नावे प्रत्येक रेल्वे प्रवाशाला ठाऊक असतात, सतना सिमेंटसाठी आणि सिंगरौली कोळसा व विजेसाठी ओळखली जाते. तिथे पर्यटक क्वचितच जातो, मात्र राज्याची मोठी मिळकत तिकडे आहे. महाराष्ट्राच्या सीमेवरील पांढुर्णा आणि सौंसर या संत्र्यांच्या पट्ट्यात तर बाजारातही मराठी ऐकू येते.

माझा आग्रह बऱ्हाणपूरसाठी आहे. मुमताज महलचे निधन 1631 साली याच शहरात झाले, हे अनेकांना ठाऊक असते. पण मोगलकाळात बांधलेला कुंडी भंडारा फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, एका विहिरीतून दुसरीत असे शहराकडे आणले आहे. विहिरीत खाली उतरल्यावर बाहेरची काहिली क्षणात नाहीशी होते, भिंतींवर क्षारांचे पांढरे थर हाताला लागतात आणि पायाशी नितळ पाणी संथपणे वाहत असते. आपण नाशिकहून निघणार असल्याने भुसावळवरून खंडव्याकडे जाणारी गाडी बऱ्हाणपूरवरूनच जाते. तेव्हा सकाळी तिथे उतरावे, दिवसभर शहर पाहावे आणि पुढे खंडव्यामार्गे रस्त्याने इंदूर गाठावे. ओंकारेश्वरही त्याच वाटेवर आहे.