ईगल्स तुमच्या घरी कोणी आणले? (अनुभव धागा)

तिसरी_घंटा
वरच्या मजल्यावरचा मुलगा सध्या गिटार शिकतोय. रोज संध्याकाळी ईगल्स या अमेरिकन बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चे कॉर्ड्स, बी मायनर, एफ शार्प, ए, ई... तेच चक्र. एफ शार्पला आला की अडतो. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं, ते त्याच्याच्यानं होत नाही. एखादी तार बद्द वाजते आणि स्वारी पुन्हा पहिल्यापासून. आज मी कणीक मळत होते आणि त्याचा एफ शार्प एकदाचा स्वच्छ लागला. मी खालून मोठ्यांदा "व्वा!" म्हणाले.

आमच्या सांगलीच्या घरात नाट्यगीतं आणि रेडिओवरची 'आपली आवड', एवढंच असायचं. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि दिवाळीत येताना कुणाकडून तरी भरून घेतलेली कॅसेट घेऊन आला. वर निळ्या पेनानं फक्त 'ईगल्स'. 'हॉटेल कॅलिफोर्निया' पहिल्या बाजूला सगळ्यात शेवटी होतं आणि कॅसेट साठ मिनिटांची. गाणं म्हणून संपलं, दोन गिटारी एकमेकींशी बोलायला लागल्या, की खट्ट! बाजू संपली. आम्हाला वाटायचं गाणं तेवढंच आहे. पूर्ण ऐकलं ते लग्नानंतर, नवऱ्याच्या मित्राकडे. साडेसहा मिनिटांचं गाणं, आणि त्यातली शेवटची दोनेक मिनिटं बँडचे गिटारवाले डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आलटून पालटून वाजवतात, मग दोघं मिळून. वर्षानुवर्षं जे गाणं आपलं म्हणून गुणगुणत होते, त्याचा सगळ्यात सुंदर भाग मी ऐकलेलाच नव्हता. रडूच आलं मला तिथे, चारचौघांत.

तुमच्याकडे कोण घेऊन आलं ईगल्सना? सविस्तर लिहा, घाई नाही.

धोबीतलाव
मुंबईतलं ऱ्हिदम हाउस, काळा घोड्याजवळचं रेकॉर्डचं दुकान. बूथमध्ये उभं राहून ऐकू द्यायचे. विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण कुणी हटकलं नाही कधी. ईगल्सचा गायक ग्लेन फ्राय १८ जानेवारी २०१६ ला गेला आणि ऱ्हिदम हाउसही त्याच वर्षी बंद झालं. त्या वर्षी त्या फुटपाथवरून जायला नको वाटायचं.

रानवारा
घंटाताई, तुमच्या कॅसेटवरून आठवलं. या गाण्याचा जन्मच कॅसेटवर झालाय. फेल्डर मालिबूला समुद्रकाठी भाड्याच्या घरात राहायचा. तिथे त्याने घरच्या टेपवर ही चाल वाजवून ठेवली. नाव नव्हतं, म्हणून बँडवाले तिला 'मेक्सिकन रेगे' म्हणायचे. पुढे मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसले, फेल्डर नवीन सोलो, म्हणजे गिटारचा एकट्याचा तुकडा, सुचवायला लागला, तर बँडचा गायक डॉन हेन्ली म्हणाला, नाही, कॅसेटवर आहे तस्संच पाहिजे. कॅसेट राहिली लॉस एंजेलिसला! मग घरकामवाल्या बाईंना फोन करून ती फोनवर वाजवायला लावली आणि पठ्ठ्याने ऐकून स्वतःचाच सोलो पुन्हा बसवला.

आणि वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांना सांगा, मूळ चाल ई मायनरमध्ये होती, हेन्लीच्या गळ्यासाठी बी मायनरला आणली. रेकॉर्डवर बारा तारांची गिटार आहे, सातव्या पट्टीवर कॅपो लावून. कॅपो लावला की बोटांना सोपे आकार मिळतात, बी मायनरच्या जागी ई मायनर धरायचा आणि एफ शार्पच्या जागी साधा बी सेव्हन. पोराचे हाल वाचतील.

पेणची_पोर
कॅपो म्हणजे तो चिमटा ना? माझ्या मुलीला गिटार घ्यायची आहे, नऊ वर्षांची आहे. कुठली घेऊ? धाग्याशी संबंध नाही, पण इथे जाणकार दिसतायत.

रानवारा
@पेणची_पोर हो, तोच. नऊ वर्षांला तीन-चतुर्थांश मापाची घ्या, नायलॉनच्या तारांची. स्टीलच्या तारांनी बोटांची सालटी निघतात आणि पोरं सोडून देतात.

लॅमिंग्टन_रोड
बारा वर्षं म्युझिक सिस्टिमच्या दुकानात होतो. १९९४ ला ईगल्सचा 'हेल फ्रीझेस ओव्हर' अल्बम आला आणि आमच्या धंद्याचं राष्ट्रगीत ठरलं. गिऱ्हाईक आलं की सीडी आत, सहावा ट्रॅक म्हणजे 'हॉटेल कॅलिफोर्निया', आवाज निम्म्यावर. सुरुवातीला नुसत्या गिटारी, एकदम स्पॅनिश थाटाच्या, लोक कळायच्या आत टाळ्या वाजवायला लागतात, आणि मग तो खोल ढोल पडतो. वूफर भिकार असेल तर तिथेच उघडा पडतो. चांगला असेल तर गिऱ्हाईक छातीला हात लावून बघायचं.

एक आजोबा यायचे, निवृत्त शिक्षक. घ्यायचं काही नसायचं. शनिवारी दुपारी गर्दी नसताना येऊन म्हणायचे, "ते लावता का जरा?" मी लावायचो. शेठ बघून न बघितल्यासारखं करायचे. स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकायचे आणि "बरं वाटलं" म्हणून जायचे. माझ्या आयुष्यात ईगल्स त्या आजोबांनी आणले. त्याआधी माझ्यासाठी तो नुसता सहावा ट्रॅक होता.

काकूंचा_बंटी
आमच्या कॉलेजात एक जण छातीठोक सांगायचा की ते हॉटेल म्हणजे सैतानाचं चर्च आहे. मी रात्री हेडफोन लावायला घाबरायचो 😄

धोबीतलाव
@बंटी प्रत्येक कॉलेजात तो एक जण असतोच. हेन्लीने मुलाखतींमध्ये सांगितलंय, निरागसपणाकडून अनुभवाकडे होणारा प्रवास आहे म्हणून. सत्तरच्या दशकातलं लॉस एंजेलिस, पैसा, नशा, झगमगाट. एकदा आत शिरलं की निघणं नाही. अल्बमच्या मुखपृष्ठावरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे, चर्चबिर्च काही नाही. १९७७ च्या मे महिन्यात गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, पुढे 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं, आणि मंडळी ते घ्यायला गेलीच नाहीत.

म्हापशेकर
मी गोव्यात हॉटेलांत, लग्नात वाजवतो. बेस. तिसरी घंटा बाय, तुमचं वाचून बरं वाटलं, कारण आम्हाला लोक विचारतात, कंटाळा येत नाही काय तेच तेच वाजवून? नाही येत. कोंकणी मांडो झाला, हिंदी झालं, नाचून लोक दमले की कुणीतरी येऊन कानात सांगतोच, ते एक होऊन जाऊ दे. पहिल्या सुरांना टेबलावरची आजी पण मान वर करते. बेसवाल्याला त्यात मजा आहे, मूळ रेकॉर्डवर रँडी मायस्नरने फार कमी सूर वाजवलेत आणि मधल्या मोकळ्या जागांमुळेच ते रेगे वाटतं. नवीन पोरं त्या जागा भरून टाकतात. भरू नये.

सुगरण_नसलेली
आम्हाला फक्त तेवढं एकच गाणं माहीत आहे. 🙈 बाकी काय ऐकू? भांडी घासताना ऐकेन, त्यामुळे फार गंभीर नको.

रानवारा
@सुगरण_नसलेली मग सुरुवातीपासून ऐका, म्हणजे गंमत कळेल. लॉस एंजेलिसमध्ये १९७१ ला बँड झाला. चौघेही आधी गायिका लिंडा रॉनस्टॅटच्या मागे वाजवायचे. फ्राय डेट्रॉइटचा, हेन्ली टेक्सासचा, मायस्नर नेब्रास्काचा, आणि बर्नी लेडन. कॅलिफोर्नियाचा आवाज म्हणून जगाला जो माहीत झाला तो बाहेरगावच्या पोरांचा!

पहिला अल्बम १९७२. त्यात 'टेक इट ईझी'. लेडनचा बँजो ऐका, अगदी गावाकडचं वाजवणं. मग 'डेस्परॅडो', १९७३, जुन्या पश्चिमेकडच्या दरोडेखोरांवरचा आख्खा अल्बम. ते नावाचं गाणं कधी सिंगल म्हणून निघालंसुद्धा नाही आणि आज जग म्हणतंय. 'बेस्ट ऑफ माय लव्ह' हे त्यांचं पहिलं एक नंबरचं, १९७५ मध्ये. 'लाइन आइज' भांड्यांना उत्तम, लांबलचक गोष्ट आहे. मग फेल्डर आला तसा बँड रॉककडे सरकला. लेडनला ते पटेना. फ्रायच्या डोक्यावर बिअर ओतून निघून गेला तो, आणि त्याच्या जागी वॉल्श आला.

माझं मत विचाराल तर लोक 'हॉटेल'वर थांबतात आणि या लोकांची खरी ताकद चुकवतात. ती आहे एकत्र गाण्यात. चार-पाच जण एका वेळी गातात आणि कुणाचाच आवाज दुसऱ्याच्या वर चढत नाही. ते ऐका.

सुगरण_नसलेली
बिअर ओतली?? ऑफिसात हे करता आलं असतं तर...

काकूंचा_बंटी
@सुगरण_नसलेली आमच्या ऑफिसात चहा आहे फक्त. गरम. केस होईल.

स्वरसाधना
शाळेत संगीत शिकवते. मायस्नरचं नाव निघालं म्हणून लिहिते, नाहीतर वाचूनच जाणार होते.

'टेक इट टू द लिमिट' त्याने गायलंय. शेवटी आवाज वर वर चढतो आणि एका फार उंच स्वरावर थांबतो. लोक त्या एका स्वरासाठी यायचे. हा लाजराबुजरा माणूस, रोज दौऱ्यावर, थकलेला, घरचे प्रश्न, आणि रोज रात्री त्या स्वराची धास्ती. १९७७ च्या दौऱ्यात नॉक्सव्हिलला तब्येत बरी नव्हती, पुन्हा येऊन ते गायला तयार होईना. त्यावरून फ्रायशी मारामारीपर्यंत गेलं आणि त्याच वर्षी त्याने बँड सोडला.

ज्यांनी कधी तार सप्तकात जाऊन लोकांसमोर गायलंय त्यांना कळेल. स्वर लागेपर्यंत पोटात जो गोळा असतो तो टाळ्यांनी जात नाही, कारण उद्या परत लावायचाच असतो. मी स्पर्धांना गायचे तेव्हा एका पदातली एक जागा अशीच होती. शेवटी ते पदच सोडलं. माझ्या गुरूंनी एका शब्दाने विचारलं नाही, दुसरं पद दिलं. मायस्नरला तसं कुणी म्हणायला हवं होतं. जुलै २०२३ मध्ये तो गेला तेव्हा दिवसभर तेच गाणं लावलं होतं.

तिसरी_घंटा
@स्वरसाधना तुमच्या गुरूंना माझा नमस्कार सांगा. फार मोठी माणसं ही.

लॅमिंग्टन_रोड
+१. मायस्नरच्या जागी टिमोथी श्मिट आला, तोही शांत माणूस. त्याचं 'आय कान्ट टेल यू व्हाय' रात्री ऐका.

फिनिक्सवाली
आई-बाबा आले होते तेव्हा ग्रँड कॅनियनला जाताना वाट वाकडी करून विन्स्लोला नेलं. 'टेक इट ईझी'मध्ये जे गाव येतं ते. गाणं जॅक्सन ब्राउन या गायकाने सुरू केलेलं, त्याचं अडलं होतं, फ्रायने ती मुलगी आणि तिची फोर्ड गाडी घालून पुरं केलं. एवढ्यावर गावाने १९९९ मध्ये कोपऱ्यावर बाग केलीय! गिटारवाल्याचा पुतळा, मागे भिंतीवर रंगवलेल्या खिडक्या, आणि फोर्ड गाडी खरोखरची उभी. हायवे बाजूने गेल्यावर ओस पडलेलं गाव, आता लोक फक्त त्या कोपऱ्यावर उभं राहायला येतात.

बाबा एसटीत कंडक्टर होते. इंग्रजी गाणी त्यांनी कधी ऐकली नाहीत. गाडीत मी त्यांना गाण्याचा अर्थ सांगितला, तर म्हणाले, म्हणजे ड्युटीवरच्या माणसाचं गाणं आहे, डोक्याला ताप करून घेऊ नको असं सांगणारं. पुतळ्याशेजारी असे ताठ उभे राहिले फोटोला! परत जाताना स्वतःहून म्हणाले, लाव परत.

म्हापशेकर
बाबांना सलाम. 🙏

पेणची_पोर
फोटो टाका ना बाबांचा! आणि रानवारा, थँक्यू, नायलॉनचीच बघते. डाव्या हाताने लिहिते ती, त्याने फरक पडतो का?

रानवारा
@पेणची_पोर दुकानात दोन्ही बाजूंनी धरून बघू दे. जी बाजू आपोआप धरेल ती. बरीच डावखुरी मुलं उजवीच वाजवतात.

धोबीतलाव
भांडणांचा विषय निघालाच आहे तर कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचं राहिलं. ३१ जुलै १९८०. एका सिनेटरच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. गाण्यांच्या मधल्या वेळात फ्राय आणि फेल्डर एकमेकांना, किती गाणी उरलीत, मग बघतो तुला, असं बोलत होते आणि लगेच पुढच्या गाण्यात सूर जुळवून गात होते. तिथेच बँड फुटला. हेन्ली म्हणायचा, नरक गोठेल तेव्हा परत एकत्र येऊ. म्हणून १९९४ च्या अल्बमचं ते नाव.

मी आणि माझा भाऊ वडिलांच्या दुकानावरून असेच तुटलो होतो. ९५-९६ साली त्याने फोन न करता ती कॅसेट कुरिअरने पाठवली. चिठ्ठी नाही, काही नाही. मला कळलं. रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो.

स्वरसाधना
@धोबीतलाव वाचून अंगावर काटा आला. भाऊ बरे आहेत ना?

धोबीतलाव
@स्वरसाधना मस्त आहे. गुडघे धरलेत फक्त.

काकूंचा_बंटी
@धोबीतलाव गुडघ्यांना आमची आई मेथीचे दाणे भिजवून खाते रोज सकाळी.

अण्णा_सॅन_होजे
उशिरा आलो. लेकाने लास व्हेगासला स्फिअर नावाच्या गोल नाट्यगृहात ईगल्सच्या कार्यक्रमाला नेलं होतं. हेन्ली, वॉल्श, श्मिट, आणि फ्रायच्या जागी त्याचा मुलगा डीकन आणि व्हिन्स गिल. पडदे डोक्यावरून पाठीमागेपर्यंत, मान दुखली. साधनाताई, तुम्हाला म्हणून सांगतो, 'टेक इट टू द लिमिट' व्हिन्स गिलने गायलं. त्या स्वराजवळ आला तेव्हा आजूबाजूचे सगळे माझ्या वयाचे लोक खुर्च्यांतून उठले आणि त्याच्याबरोबर गायला लागले. मीही गायलो. लेक बघतच राहिला. त्याला मायस्नर कोण ते गाडीत बसल्यावर सांगितलं, पार हॉटेलवर पोचेपर्यंत.