'घसरला' म्हणजे पडला का? स्कीइंगला मराठी क्रियापद हवंय

खाडीकाठ (नेरूळ)
जानेवारीत ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून स्कीवर खाली येण्याची, शर्यत आमच्या घरी चारच्या चहाबरोबर बघितली जाते. तिकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. सासूबाईंना इंग्रजी समालोचन भरभर कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत असते. मी म्हटलं, "बघा आई, हा आता माउसफालेवरून घसरतोय." त्या दचकून म्हणाल्या, "अगंबाई, पडला?"

पडला नव्हता. माउसफाले म्हणजे या शर्यतीच्या स्ट्राइफ नावाच्या उतारावरचा सगळ्यात तीव्र टप्पा, ८५ टक्के उताराचा, आणि गडी तिथून हवेत उडून पुन्हा नीट टेकला होता. सासूबाईंचं म्हणणं, घसरतो त्याला घसरायचं नसतं, हा तर हवं तिथे वळतोय. मला ते पटलं, पण दुसरा शब्द सुचेना. ठरवून, तोल सांभाळून, वेगाने घसरत जाणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं? सोसायटीच्या अंकासाठी हिवाळी खेळांवर लेख लिहितेय, तिथेही हेच अडलंय. एकच क्रियापद हवं. फ्रिट्झ स्ट्रोबलने १९९७ मध्ये हा उतार १ मिनिट ५१.५८ सेकंदांत पार केला होता. तेवढ्या वेळात लांबलचक वाक्यं सांगून होत नाहीत.

तलावपाळी
सासूबाई बरोबर आहेत. पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात, डबे रुळांवरून घसरतात. यातलं काहीही कुणी ठरवून करत नाही. 'स्कीइंग करतोय' म्हणा आणि मोकळ्या व्हा. सासूबाईंना चार दिवसांत सवय होईल.

पारसिक
'ठरवून घसरत नाहीत' हे डोंगरात न फिरणाऱ्यांचं मराठी. सह्याद्रीत सुट्या मुरमाच्या, दगडगोट्यांच्या उताराला आम्ही घसारा म्हणतो. तिथे चालत उतरायला गेलात तर नक्की पडाल. बूड टेकायचं, टाचा रोवायच्या आणि व्यवस्थित घसरत यायचं. येऊरच्या बाजूला पावसाळ्यानंतर आम्ही नव्या पोरांना सांगतो, "इथे घाबरू नकोस, घसर." म्हणजे आज्ञार्थ आहे. जे ठरवून करता येत नाही त्याचा आज्ञार्थ कसा होईल?

तलावपाळी
घसारा आमच्या ताळेबंदातही असतो. यंत्राची किंमत दरवर्षी घटते तो. तिथेही नुकसानच.

उतारू (घोडबंदर रोड)
मी बातम्यांचे अनुवाद करतो. मला हा शब्द चालत नाही, त्याचं कारण सांगतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा आरिफ खान गेला होता, गुलमर्गचा. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, तो ४५ वा आला. नंतरच्या स्लॅलममध्ये त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. आता 'आरिफ उतारावरून घसरला' असं मथळ्यात लिहिलं तर वाचकाने यातली कुठली शर्यत समजायची? काश्मीरमधला मुलगा एकट्याच्या बळावर तिथपर्यंत जातो, जायंट स्लॅलमच्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या करतो आणि आपण त्याला मथळ्यात पाडतो. माझं मत 'उतरणे'ला. साधा, घरातला शब्द आहे. गड उतरतो, घाट उतरतो, तसा उतार उतरला.

खाडीकाठ
'उतरणे' मीही करून पाहिलं. 'स्कीवरून उतरला' म्हटलं की पायातल्या स्की काढून ठेवल्या असं वाटतं. शिवाय त्यात वेग कुठे आहे? सासूबाई जिना उतरतात तेव्हाही त्या उतरतातच.

शब्दनिष्ठ
वेग शब्दात नसतो, सवयीने येतो. 'पायचीत' पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही विचित्रच वाटला असेल. तो 'चीत' कुस्तीतून आला. आपल्याच आखाड्यातला शब्द क्रिकेटला दिला आणि आज कुणी अडखळत नाही. तसंच इथे 'हिमसरण' करावं. सरणे म्हणजे पुढे जाणे, त्यात पडण्याचा अर्थ नाही. क्रियापद 'हिमसरणे', खेळाडू 'हिमसर'. आपण प्रयत्नच न करता 'स्कीइंग करणे' म्हणत राहिलो तर पुढची पिढी 'वॉकिंग करणे' म्हणेल.

पारसिक
म्हणतेच आहे.

उतारू
सरणे म्हणजे संपणेसुद्धा. तेल सरलं, दिवस सरला. 'हिमसरला' म्हणजे बर्फ संपला असं मी तरी समजेन.

उलवेकर
थोडं वेगळं सांगतो. आमची भातशेती होती. चिखलणी झाली की बैलांमागे फळी जुंपून वावर सपाट करायचे आणि वजनाला आम्हा पोरांना फळीवर उभं करायचे. गुडघे थोडे वाकवून, कासरा धरून, चिखलावरून सपसप जायचो. आता तिथे विमानतळ आहे. त्याला आम्ही घसरणं कधी म्हटलं नाही, सरणंही नाही. 'फळीवर जातो' म्हणायचो. टीव्हीवर स्कीइंग बघताना मला त्यांचे गुडघे आधी दिसतात.

शब्दनिष्ठ
हे फार महत्त्वाचं सांगितलंत! 'स्की' हा मूळ नॉर्वेचा शब्द आणि जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ चिरलेलं लाकूड. म्हणजे फळीच. मी 'हिमसरण' मागे घेत नाही, पण वस्तूला 'फळी' आणि खेळाला 'फळीदौड' म्हणायला माझी हरकत नाही.

तलावपाळी
पण नॉर्वेचे लोक त्याचा उच्चार 'शी'च्या जवळ करतात. मूळ शोधायचंच तर उच्चारही घ्या. जगाने शब्द घेतला आणि आपापल्या तोंडाने म्हटला. स्लॅलमही नॉर्वेचाच, 'उतरता माग' अशा अर्थाचा. इंग्रजांनी त्याचं भाषांतर केलं नाही, फ्रेंचांनी केलं नाही. आपणच का करायचं?

उतारू
भाषांतर नको, पण जिथे आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे तिथे तो वापरला नाही तर वाईट वाटतं. उदाहरणार्थ ल्यूज आणि स्केलेटन. दोन्ही छोट्या घसरगाड्या, दोन्हीला बर्फाची तीच नागमोडी नळी. एकीत खेळाडू पाठीवर, पाय पुढे. दुसरीत पोटावर, डोकं पुढे. इंग्रजी नावांवरून यातलं काही कळतं का? मराठीत 'उताणी' आणि 'पालथी' म्हटलं की संपलं. आपला ल्यूजवाला शिव केशवन उताणा. १९९८ च्या नागानोपासून २०१८ च्या प्योंगचांगपर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक तो उताणा खेळला. मी त्याच्या सगळ्या फेऱ्या जागून बघितल्यात.

पारसिक
हे आवडलं. 'पालथी' ऐकूनच पोटात गोळा येतो, आणि स्केलेटन बघताना तो यायलाच हवा. केशवनचा विषय काढलात म्हणून सांगतो, तो हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर चाकं लावलेल्या गाडीवर सराव करायचा, वाहनांच्या मधून. तिथे ना हिम, ना फळी. 'हिमसरण'वाल्यांनी त्याला काय म्हणायचं ते सांगावं.

शब्दनिष्ठ
सराव आणि स्पर्धा यांत फरक आहे. आणि 'हिम' मी मुद्दाम घेतलं. आकाशातून पडतं ते हिम, पाणी गोठून होतो तो बर्फ. स्कीइंग हिमावर, स्केटिंग बर्फावर. आपण दोन्हीला 'बर्फ' म्हणून मोठा घोळ केलाय.

उतारू
बीजिंगच्या उतारांवरचं जवळजवळ सगळं हिम यंत्रांनी केलेलं होतं. ते आकाशातून पडलेलं नव्हतं. आणि किट्झब्यूलसारख्या उतारांवर शर्यतीआधी पाणी मारून थर कडक करतात, म्हणजे तुमच्याच व्याख्येने हिमाचा बर्फ करतात. म्हणून तर टीव्हीवर स्कीच्या कडांचा तो खरवडल्यासारखा आवाज येतो.

तलावपाळी
शब्दनिष्ठ, 'होतो तो बर्फ' म्हणालात. बर्फ पुल्लिंगी कधीपासून? आमच्या घरी 'बर्फ वितळलं'.

शब्दनिष्ठ
बर्फ वितळला. गोळेवालाही 'बर्फ संपला' म्हणतो.

उलवेकर
आमच्याकडे मासळीवर बर्फ टाकतात तोसुद्धा 'तो'च.

तलावपाळी
नौपाड्यात माझी आजी, आई, मी, तिन्ही पिढ्या 'ते बर्फ'. 'बर्फ पडलं' हे कानाला किती हलकं वाटतं बघा. 'बर्फ पडला' म्हणजे वखारीतली लादी हातातून सुटली.

खाडीकाठ
थांबा जरा. क्रियापद राहिलंच. लेखासाठी सध्या 'उतारावरून सुसाट आला' असं लिहिलंय, तिथे वेग कळतो आणि पडल्याचा संशय येत नाही. पण 'सुसाट' आगगाडीलाही लागतं, त्यात वळणं नाहीत, गुडघे नाहीत. सासूबाईंनी उलवेकरांचं 'फळीवर जातो' वाचून मान हलवली. त्यांचं माहेर पेणकडचं, त्यांनीही फळी बघितलीय. लेखात चालेल का सांगा.

पारसिक
चालेल, पण एकदा 'घसरत' घालाच. घसाऱ्यावर चला माझ्याबरोबर, मग पटेल.

शब्दनिष्ठ
तलावपाळी, वखारीतल्या लादीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. लादी स्त्रीलिंगी आहे.