अनुभव धागा : संचलनात तुमचा बँड कधी वाजला होता?

बडा ढोल (धागाकर्ता), सातारा

गेले पंधरा दिवस आमच्या घरामागच्या शाळेत सकाळी साडेसहापासून बँडची प्रॅक्टिस चालू आहे. बासरीवाल्या पोरी तयार आहेत, साईड ड्रमही बरे वाजतायत. पण बडा ढोल वाजवणारं पोरगं मधूनच कसल्यातरी विचारात पडतं आणि एक ठोका गिळतं. बायको म्हणते, खिडकी लावून घ्या. मला लाववत नाही. तीस वर्षांपूर्वी तो ढोल माझ्या पोटावर होता.

तर मंडळी, शाळेचा बँड, एनसीसी, लेझीम, ढोल पथक, लग्नाची वरात, जिथं कुठं चालता चालता वाजवायचं होतं आणि तुम्ही माती खाल्लीत, ते इथं लिहा. गाव सांगा, साल सांगा. शाळेचं नाव मात्र नको. आमच्या पीटीच्या सरांच्या हातात अजून ताकद आहे. माझाही किस्सा आहे, पण तो शेवटी.

बिगुलवाला, विश्रामबाग

आमच्या हेडसरांनी दुसऱ्या एका शाळेच्या बँडवर देशभक्तिपर गाणं ऐकलं आणि आपल्याकडेही ते बसवा म्हणाले. आपल्याकडे म्हणजे काय, तर आठ बिगुल. बासरी एकही नाही. आता बिगुलाला ना चाव्या ना भोकं. ओठ आवळून-सोडून आणि फुंक कमी-जास्त करून जे पाच-सहा सूर निघतात तेवढीच इस्टेट. सा मिळतो, प मिळतो, वरचा ग मिळतो. मधले रे, म, ध आणायचे कुठून? हे सांगायला गेलो तर सरांनी "प्रयत्ने वाळूचे कण" ऐकवलं.

मग आम्ही असलेले सूर वाजवायचे आणि नसलेल्या सुरांच्या जागी गप्प बसायचं असं ठरवलं. ऐकायला ते सेल सैल झालेल्या रेडिओसारखं लागायचं. तेही निभावलं असतं. पण ऐन पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेत पाचवीची पोरं चिंच चोखत बसली होती. त्यांना कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे, तो आता नगरसेवक व्हायच्या गडबडीत आहे. समोर कुणी चिंच चोखायला लागलं की फुंकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि ओठांची पकड जाते. आठापैकी सहा बिगुल जागेवर थांबले. सातवा हसत होता. आठवा मी. माझ्या बिगुलातून जे निघालं ते ऐकून कुंपणापलीकडची म्हैस उठून उभी राहिली.

करंज्याचा उनाड

चिंचेपेक्षा कैरी भारी. तिखट-मीठ लावून. आम्ही लग्नातल्या बँडवाल्यांवर प्रयोग केलाय. पाप लागलं असणार.

माजी कॅडेट, सातारा

आमची अडचण वेगळी होती. साताऱ्यात घराघरातून कुणी ना कुणी फौजेत. इथं मिलिटरी अपशिंगे नावाचं अख्खं गाव आहे, म्हणजे विचार करा. परेड बघायला जी म्हातारी माणसं येतात त्यांनी उभी हयात तीच केलेली असते. त्यांच्यासमोर आम्ही बारावीच्या मुली.

तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंची. बड्या ढोलाचा जोराचा ठोका डाव्या पायावर. एवढंच गणित. बँडनं सुरुवात केली आणि आमच्या प्लॅटूनच्या निम्म्या मुलींनी उजवा पाय टाकला. मी बरोबर होते, हे पहिल्यांदा नोंदवून ठेवते. तीस पावलं तशीच गेली. सलामीचा मंच जवळ आला आणि प्रेक्षकांतून एका आजोबांना राहवलं नाही. पांढऱ्या मिश्या, छातीवर मेडलं. उठून उभे राहिले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असे गरजले, "कदम बदल!"

हुकूम असा कडक होता की सगळ्यांनीच कदम बदलला. चुकलेल्यांनीही आणि बरोबर असलेल्यांनीही. म्हणजे चुकलेल्या बरोबर झाल्या, बरोबरच्या चुकल्या, आणि "दाहिने देख" पुन्हा निम्म्यानिम्म्यानेच झालं. आजोबांनी कपाळावर हात मारला. माझ्या शेजारची अजूनही मला फोनवर "कदम बदल" म्हणूनच हाक मारते.

फिजिक्सवाला, मिरज

ताई, तुमच्या मुलींचं माहीत नाही, पण लांब रांगेतल्या मागच्या मुलांना उगाच फटके बसतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँड पुढं आणि रांग १०० मीटर लांब असेल तर ढोलाचा ठोका शेवटच्या मुलापर्यंत पोचायला ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० पावलं म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. म्हणजे शेवटचं पोरगं कानानं शंभर टक्के बरोबर चाललं तरी डोळ्यांना अर्ध्याहून जास्त पावलानं मागं दिसणार. त्यात रस्ता अरुंद असेल तर भिंतीवरून आलेला ठोका वेगळाच. मी हे दहावीच्या वर्गात शिकवतो. आमच्या शाळेत तरीही बँड पुढंच असतो.

निवृत्त संगीत शिक्षिका, कराड

माझ्या बँडनं एकही सूर चुकवला नाही. तरीही तो दिवस आठवला की घाम फुटतो.

सव्वीस जानेवारी. झेंडा वर गुंडाळून बांधलेला, आत फुलांच्या पाकळ्या. ठरलं होतं असं की पाहुण्यांनी दोरी ओढली की मी हात खाली आणायचा आणि मुलांनी राष्ट्रगीत सुरू करायचं. पाहुण्यांनी दोरी ओढली, मी हात खाली आणला. बँड सुरू. झेंडा उलगडलाच नाही. शिपाईमामांनी गाठ इतकी मन लावून बांधली होती की ती हलेना. आता राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कोण हलणार? पाहुणे दोरी हातात धरून सावधान. शिपाईमामा खांबापासून दोन हातांवर सावधान. हजारभर मुलांच्या नजरा वर, त्या गाठोड्याकडे. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. त्या दिवशी मला ते प्रत्येक सेकंद वेगळं मोजता आलं.

संपलं. शांतता. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा हलकेच दोरी ओढली आणि गाठ सुटली. पाकळ्या पडल्या, झेंडा फडकला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम काय म्हणतो ते विचारायला वेळ नव्हता. मी पुन्हा हात वर केला. मुलांनी दुसऱ्यांदा तितक्याच मनापासून वाजवलं. नंतर मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना काही म्हटलं नाही. मला म्हटलं.

गावभागातली, सांगली

२०१९ च्या पुरात आमच्या शाळेची बँडची खोली पाण्यात होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं आमच्या खोलीचं काय. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर ड्रमची लाकडी खोडं फुगून पदर सुटलेली, बिगुलांत गाळ. साईड ड्रमच्या खालच्या तारा गंजून एकात एक अडकलेल्या. बाई तिथंच पायरीवर बसल्या. त्यावर विनोद करायचा नाही मला.

विनोद पुढं झाला. जानेवारीत संचलन होतं आणि वाद्यं नवीन यायची होती. एका पालकांनी ओळखीच्या लग्नाच्या बँडवाल्यांकडून ड्रम मागून आणले. फुकट दिले हो त्यांनी, माणसं मोठ्या मनाची. बड्या ढोलाच्या पानावर मात्र लाल रंगात गणपती, त्याखाली मोबाईल नंबर आणि "लग्न, वरात, बारसे, ऑर्डर घेतल्या जातील". झाकायला कागद चिकटवला, तो वाऱ्यानं पाचव्या मिनिटाला गेला. प्रमुख पाहुण्यांसमोरून आम्ही छाती काढून बारशाची जाहिरात करत गेलो. आणि ड्रम सांभाळायला म्हणून जे काका आले होते त्यांनी आमचा साईड ड्रमवाला दमलेला बघून मदतीला काड्या हातात घेतल्या. हात सवयीचा. पुढच्या दहा सेकंदांत संचलनाची वरात झाली. तिसरीच्या रांगेतली दोन पोरं नाचायला लागली. प्रमुख पाहुण्यांच्या सौ. टाळ्या वाजवत होत्या.

क्लॅरिनेटवाल्याचा मुलगा, मिरज

वरच्या ताईंनी मोठ्या मनाची म्हटलं म्हणून लिहितोय, नाहीतर नुसताच वाचत होतो.

ज्या गावच्या तंबोऱ्याशिवाय मैफल उभी राहत नाही, जिथं मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि दर्ग्यात विसावले, त्या गावात माझे वडील वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचा सूर पक्का होता. पण सूर पक्का असून भागत नाही. उन्हात पितळ तापलं की ट्रंपेट चढतात, रात्री गार पडलं की उतरतात. क्लॅरिनेटची पत्ती सुकली की चिरकते. चार तास फुंकल्यावर ओठ बधिर होतात, मग काय निघतं ते ऐकणाऱ्यांनाच माहीत. लोक म्हणतात, बँडवाले बेसूर. नवरदेव घरी जाऊन झोपतो आणि आम्ही वाजवत उभे.

फसलेला प्रसंग विचारताय, तर अनंत चतुर्दशी. मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, सगळ्यांना माहीत आहे. मध्यरात्रीनंतर एका चौकात आमचा बँड आणि दुसऱ्या मंडळाचा बँड समोरासमोर अडकले. दोन्ही मंडळांची पोरं इरेला पेटलेली, "आवाज वाढव" चालू. त्यांचे ढोल जास्त. हळूहळू आमचा ठोका त्यांच्या ठोक्यात ओढला गेला, मग युफोनियमवाला त्यांच्या चालीत घुसला, मग ट्रंपेट. पाच मिनिटांत आमचा अख्खा बँड त्यांचं गाणं वाजवत होता, त्यांच्यापेक्षा बरं. वडील एकटे डोळे मिटून आमचंच गाणं वाजवत राहिले. मंडळानं पाचशे रुपये कापले. सगळ्यांत वाटून कापले, वडिलांचेही.

बडा ढोल (धागाकर्ता)

दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

हलगीवाला, तासगाव

आमचं छोटंसं. रथोत्सवाला हलगी, घुमकं, कैताळ घेऊन गेलो. पावसाळी हवा, कातडं सैल पडलेलं, म्हणून कागद पेटवून हलगी शेकायला धरली. तेवढ्यात रथ हलला, "मोरया" झालं, मी मागं वळून बघितलं. परत वळलो तर हातात नुसतं कडं. लई वास सुटला होता. घुमकंवाला अजून विचारतो, आज शेकलेली की भाजलेली?

ढोल पथकातली, सातारा

आमच्यात चामड्याच्या पानावरून फायबरच्या पानावर गेल्यापासून पावसाची भीती संपली, पण मजाही संपली असं जुने लोक म्हणतात. मी जुनी नाही. माझं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातातून सुटून समोरच्या पोलिसांच्या टोपीवर बसलं होतं, एवढीच माझी कामगिरी. त्यांनी ते परत दिलं.

बडा ढोल (धागाकर्ता)

चला, आता माझी पाळी.

साताऱ्यात १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, देशातलं पहिलं. त्यांचं संचलन बघून आमच्या पीटीच्या सरांच्या मनानं घेतलं की आपणही रस्त्यावरून संचलन काढायचं. मार्ग कोणता, तर समर्थ मंदिरापासून खाली राजवाड्यापर्यंत. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय ते आत्ताच हसले असतील. सगळा उतार.

मी नववीत. बडा ढोल पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला, वरची कड हनुवटीपर्यंत. पाय दिसत नाहीत, रस्ता दिसत नाही, समोर फक्त बँडच्या पुढं दंड घेऊन चालणाऱ्या, म्हणजे दंडवाल्या मुलाची टोपी. उतारावर ढोल पुढं ओढतो, अंग त्याच्यामागं जातं, पाऊल लवकर पडतं, पाऊल लवकर पडलं की ठोका लवकर पडतो. आणि ठोका लवकर पडला की मागची तीनशे पोरं लवकर. सर बाजूनं "हळू, हळू" ओरडत होते, पण ढोलाच्या आत माणसाला ढोलच ऐकू येतो. बासरीवाल्यांचा दम संपला, त्यांनी बासऱ्या नुसत्या तोंडाला लावल्या. राजवाड्यापाशी पोचेपर्यंत आम्ही चालत नव्हतो, धावत होतो. पांढरे कॅनव्हास बूट, सकाळी खडूनं घासलेले, त्यांतला एक वाटेत राहिला. गोल बागेजवळ दंडवाला थांबला, मी थांबलो नाही.

सरांनी विचारलं, लय कुणी वाढवली? मी ढोलामागं होतो. शेजारी झांजवाला उभा होता, आमच्या वर्गातला सगळ्यात गरीब मुलगा. सरांची नजर त्याच्यावर गेली. मी काही बोललो नाही. त्याला दोन छड्या बसल्या. माझा किस्सा हा आहे, पळण्याचा नाही.

ट्रँगल, पुणे (मूळ सातारा)

झांज नव्हती रे, ट्रँगल होता. आणि दोन नाही, चार. बूट माझाच राहिला होता, तोही कधी मिळाला नाही. येत्या रविवारी साताऱ्यात आहे, कंदी पेढे तू आणायचेस.