केंब्रिज सी१ ॲडव्हान्स्ड: यूज ऑफ इंग्लिशमध्ये अडकलेय

निळाई:
केंब्रिजची सी१ ॲडव्हान्स्ड ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीय, तीच जिला आधी सीएई म्हणायचे. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच असतं त्यामुळे ऐकणं-बोलणं ठीक आहे पण सराव पेपरात यूज ऑफ इंग्लिश, म्हणजे व्याकरण आणि शब्दवापराचा भाग, आला की अडकतेच. शब्दांच्या याद्या पाठ करतेय, मार्क हलेनात. सोलापुरात असते, तयारी घरूनच करायचीय. काय करू?

घाटावरचा:
याद्या आधी बंद करा. इथे शब्दाच्या अर्थापेक्षा तो कोणाबरोबर येतो हे जास्त विचारतात. हेवी रेन चालतं, हेवी विंड नाही, तिथे स्ट्राँगच लागतं. म्हणून वहीत सुटा शब्द नको, जोडी लिहा नाहीतर अख्खं वाक्य. आणि चौथा भाग, म्हणजे दिलेला शब्द तसाच ठेवून ३ ते ६ शब्दांत वाक्य फिरवायचं, तो रोज करा कारण प्रश्न सहाच पण प्रत्येकाला २ मार्क, अर्धं बरोबर आलं तरी १ मिळतो. चुकलेलं वाक्य दोन-तीन दिवसांनी उत्तर न बघता परत लिहायचं, मला तरी यानेच फरक पडला. घाबरू नका, रीडिंग, यूज ऑफ इंग्लिश, रायटिंग, लिसनिंग, स्पीकिंग या पाचांची सरासरी काढतात, केंब्रिजच्या स्केलवर १८० आली की झालं, प्रत्येकात वेगळं पास व्हायला लागत नाही.

पानसुपारी:
रायटिंग विसरू नका प्लीज!! ९० मिनिटांत दोन गोष्टी लिहायच्या, प्रत्येकी २२० ते २६० शब्द, पहिला निबंध सक्तीचा. त्यात तीन मुद्दे देतात, घ्यायचे दोनच, लोक तिन्ही कोंबतात आणि एकही धड मांडला जात नाही. दुसऱ्यात रिपोर्ट किंवा प्रपोजल आलं तर तेच घ्या, ऑफिसची सवय कामी येईल.

लांबून_वाचतो:
कशासाठी देताय? यूकेच्या व्हिसासाठी ही चालत नाही हं, त्यांची मान्य परीक्षांची यादी वेगळी आहे. बाकी आयईएलटीएस या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचा निकाल २ वर्षंच धरतात, या सर्टिफिकेटला तशी मुदत नाही.

निळाई:
नाही नाही, जर्मनीत इंग्रजीतून मास्टर्स करायचंय, युनिव्हर्सिटीने ही चालेल म्हटलंय. जोड्यांची वही आजच काढते. पानसुपारी, एक निबंध इथे टाकला तर बघाल का?

पानसुपारी:
टाका की. फक्त घड्याळ लावून लिहा, ४५ मिनिटं, आणि नंतर सुधारत बसू नका, आहे तसाच टाका म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते कळेल.