रे चार्ल्सचं कंट्री: घरचं की बाजारातलं?

सूरपेटी: काल बऱ्याच दिवसांनी रे चार्ल्स या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकाचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' ऐकलं. मूळ गाणं डॉन गिब्सनचं, १९५८ चं, साधं कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्या गावकऱ्यांच्या वळणाचं संगीत. रेने १९६२ मध्ये ते आपल्या कंट्री गाण्यांच्या अल्बममध्ये घेतलं आणि ते अमेरिकेत ५ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. लोक याला धंद्याची चाल म्हणतात. मला नाही पटत. हा माणूस लहानपणी फ्लोरिडात शनिवारी रात्री रेडिओला कान लावून नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम ऐकायचा. पुढे टॅम्पात गोऱ्यांच्या हिलबिली (म्हणजे कंट्रीच) बँडमध्ये पियानो वाजवला, असं त्यानेच आत्मचरित्रात सांगितलंय. गाणं त्याच्या घरचंच होतं.

कडू_कारलं: घरचं? मग गाणी गोळा करून दे म्हणून निर्माता सिड फेलरला का सांगितलं? घरच्या माणसांची यादी कोणी बाहेरून मागवतं का? गिब्सनने हे लिहिलं तेव्हा तो नॉक्सव्हिलजवळ एका ट्रेलरमध्ये राहत होता. अशा गाण्याला रेने व्हायोलिनं आणि कोरस लावून पैठणी नेसवली.

सूरपेटी: धंदाच करायचा होता तर कंपनीवाले का बिचकले? कंट्री गायलास तर चाहते जातील, अशी त्यांना धास्ती होती. आणि या गाण्याची सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, कधी काढली? टॅब हंटर या नट-गायकाने त्याच धाटणीची नक्कल बाजारात आणली तेव्हा, घाईघाईत.

कडू_कारलं: म्हणजे बाजार होताच की मध्ये. :)

चिपळीवाला: दोघांशी असहमत. तुकोबांचा अभंग गाणाऱ्याला आपण "वारी किती वेळा केलीत?" असं विचारतो का? गळ्यातून काय आलं ते बघा. रेचं बालपण कसं होतं हे माहीत नसतं तर गाणं बेसूर झालं असतं का?

रविवार_गिटार: आमच्या तिघांच्या बँडमध्ये मी हे गातो, म्हणून थोडं लिहितो. पैठणीची तक्रार मीही करायचो. पण एक गोष्ट गायला लागल्यावर कळली. सुरुवातीची 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' ही ओळ कोरस गातो आणि रे मागून उत्तर देतो. कबुली दुसऱ्यांच्या तोंडी आणि हा नुसता मान डोलावतोय, असं वाटतं. शेवटाकडे तर "पोरांनो, म्हणा" असं सांगून गाणं त्यांच्याच हाती देतो. ही चर्चमधली सवाल-जवाबाची रीत. गिब्सनच्या रेकॉर्डमध्ये ती नाही. कोरस काढून एकट्यानेच सगळं म्हटलं तर गाणं लगेच रडकं होतं. दोनदा करून बघितलंय, दोन्ही वेळा लोक चहा आणायला उठले.

कडू_कारलं: कोरसचा मुद्दा मान्य. व्हायोलिनांचा नाही. गिब्सनची रेकॉर्ड परत ऐका, 'ओ लोनसम मी'च्या मागच्या बाजूला होतं हे गाणं. दोन्ही त्याने एकाच दिवशी लिहिली.

चिपळीवाला: ऐकली आत्ता. गिब्सन छान, पण मी परत रेकडेच गेलो.